झिजलेला घोडा आणि न कोमेजणारी बाग : सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची एक समीक्षा

प्रास्ताविक

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कलापरंपरेविषयी जे लेखन होते त्यात सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा उल्लेख हटकून येतो. परंतु तो बहुधा एकाच विशेषणापाशी येऊन थांबतो. ते विशेषण म्हणजे 'हुबेहूब'. चितारआळीतील दुकानात मांडलेला आंबा खऱ्या आंब्यासारखा दिसतो, केळ्यांचा फणा नुकताच घडातून काढल्यासारखा वाटतो, वांग्याच्या देठावर बोट ठेवण्याचा मोह होतो, असे सांगून लेखक पुढे जातो. त्याच दुकानातील चार चाकांचा घोडा मात्र कौतुकाच्या या यादीत येत नाही. त्याची मान प्रमाणाबाहेर जाड, पाय खुंटासारखे, डोळा म्हणजे पांढऱ्यावर काळा ठिपका. फळ ही कला आणि घोडा हे पोरांचे खेळणे, अशी एक अघोषित प्रतवारी आपल्या मनात तयार झालेली असते.

ही प्रतवारी कोणत्या कसोटीवर उभी आहे, आणि ती कसोटी खेळणे या वस्तूला लागू पडते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मुख्य प्रतिपादन असे की, अनुकृतीच्या कसोटीवर उणा ठरणारा घोडा हाच या परंपरेचा अधिक समर्थ आविष्कार होय. आणि त्याला उणा ठरवणाऱ्या आपल्या समीक्षेमुळे खेळण्याचे शोभेच्या वस्तूत रूपांतर होण्याची प्रक्रिया सोपी झाली आहे.

वैशाखअखेरचे दोन साक्षीदार

समीक्षकाने आपला अनुभव पुराव्यादाखल मांडू नये असा संकेत आहे. येथे तो मोडणे भाग आहे, कारण खेळण्याचा पुरावा अन्यत्र फारसा शिल्लक राहत नाही.

मालवण तालुक्यातील आमच्या वाडीत 1975च्या सुमारास मे महिन्याचा शेवटचा आठवडा हा परतीचा आठवडा असे. मुंबईहून आलेले चाकरमानी 'मिरग' लागण्याच्या आत परत जात. परसातला हापूस उतरून झालेला, रायवळ अजून टपटपत असलेला, अंगणात रतांब्यांची सोले वाळत घातलेली, माजघरात बरक्या फणसाचा वास कोंडलेला. जाणाऱ्यांच्या ओझ्यात आंब्याची पेटी, कोकमे, कुळीथ आणि मुलांसाठी चितारआळीतून आणलेले काहीतरी असे. त्या वर्षी माझ्या वाट्याला फळीवर उभा केलेला, चाकांचा, दोरीने ओढायचा तांबडा घोडा आला. आणि घरासाठी म्हणून लाकडी फळांची एक परडी आली. परडी काचेच्या कपाटात गेली. घोडा परसात गेला.

वाडीत त्या आधी किंवा नंतर मी खरा घोडा पाहिला नाही. तरीही तो आठवडाभर माझा घोडा परसातल्या प्रत्येक माडाच्या आळ्यातून पाणी प्याला, काजूखाली बसला, पोफळीच्या सावलीत बांधला गेला. आजोबा पाटाचे पाणी वळवायला निघाले की म्हणत, "बाबू, घोड्याक आधी पाणी दी, मगे माडाक." चाक निखळले ते जांभ्या दगडाच्या गडग्यावर आपटून. पुढे एक कान गेला, मग रंग. काही वर्षांनी जे उरले ते एक गुळगुळीत, तपकिरी, ओळखू न येणारे लाकूड होते, आणि तेही एका पावसाळ्यात कुठेतरी गेले. परडी मात्र अजून आहे. आंब्याच्या गालावरची लाली तशीच आहे.

या दोन वस्तूंपैकी प्रिय कोणती होती, हे सांगण्याची गरज नाही. परंतु आज एखाद्या वस्तुसंग्रहालयाने त्या काळातील सावंतवाडीची खेळणी जमवायची ठरवली तर त्याच्या हाती परडी लागेल, घोडा लागणार नाही. जे खेळले गेले ते झिजले, आणि जे झिजले ते गेले. जतन झालेल्या खेळण्यांवरून लिहिलेला खेळण्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी न खेळलेल्या खेळण्यांचा इतिहास असतो. आपली सौंदर्यकसोटी अशाच वस्तू पाहून घडलेली असल्यामुळे ती पूर्णत्व, चकाकी आणि साम्य यांच्याकडे झुकते, यात नवल नाही.

पांगाऱ्याचे लाकूड

या कारागिरीचे पारंपरिक लाकूड म्हणजे पांगारा. फाल्गुनाच्या आसपास निष्पर्ण होऊन तांबड्या फुलांनी पेटणारा हा वृक्ष कोकणच्या बागायतीत मुद्दाम लावला जातो तो फुलांसाठी नव्हे, तर मिरवेल आणि पानवेल चढवण्यासाठी. त्याचे लाकूड हलके व मऊ, बांधकामाला निरुपयोगी. घरबांधणीला नको असलेले लाकूड खेळण्याला हवेसे होते, कारण ते हत्याराला चटकन वश होते आणि लहान मुलाच्या पायावर पडले तर इजा करीत नाही. म्हणजे बागेत दुसऱ्याला आधार देणारे झाड कापले जाते आणि त्यातून बागेतलीच फळे कोरली जातात. रूपक म्हणून हे इतके आयते आहे की त्याच्यापासून थोडे दूर राहिलेले बरे. मुद्दा एवढाच की मऊ लाकूड ओरखडा लवकर घेते. ते वापराची नोंद ठेवते. फळाच्या बाबतीत ओरखडा हा दोष ठरतो. घोड्याच्या बाबतीत तो चरित्राचा भाग होतो.

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने 1957मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात खेळण्यांवर एक छोटे टिपण लिहिले आहे. प्रौढांच्या जगाची हुबेहूब लघुरूपे मुलाच्या हाती दिली की मूल निर्माता न राहता केवळ मालक आणि वापरणारा बनते, अशी त्याची तक्रार आहे. आणि त्याच टिपणात प्लॅस्टिकच्या तुलनेत लाकडाच्या उबदारपणाची, हाताशी जुळणाऱ्या गुणाची त्याने बाजू घेतली आहे. बार्थचे हे दोन्ही मुद्दे आपल्याकडे एकत्र उद्धृत होतात आणि लाकडी ते सारे चांगले असा सोयीस्कर निष्कर्ष निघतो. सावंतवाडीची परडी या निष्कर्षात अडथळा आणते. ती लाकडाची आहे, हाताने घडवलेली आहे, आणि तरीही बार्थने ज्याविषयी तक्रार केली त्याच जातीची आहे : मुलाने करण्यासारखे तिच्यात काही उरलेले नाही.

'हुबेहूब' म्हणजे काय

आता फळांकडे जरा नीट पाहू. परडीत हापूस असतो, काजूचे बोंडू असते, केळी, अननस, सीताफळ, पेरू, चिकू असतात. हापूस आणि बोंडू उन्हाळ्याचे. सीताफळ पावसाळा सरल्यावरचे. पेरूचा खरा बहर थंडीतला. कोणत्याही एका दिवशी कोकणातल्या कोणत्याही बागेत ही फळे एकत्र मिळणार नाहीत. शिवाय यातले एकही फळ कच्चे नाही, एकालाही पाखराने टोचलेले नाही, देठाजवळ चिकाचा डाग नाही. प्रत्येक फळ सुटेपणी खरे वाटते. परंतु एकत्र येताच ते ऋतूच्या बाहेर जाते. ज्याला आपण अनुकृती म्हणतो ती वस्तुतः कल्पित बाग आहे. तिच्यात ऋतुचक्र थांबलेले आहे आणि प्रत्येक झाड एकाच वेळी भरास आलेले आहे.

तुलनेसाठी गणेशचतुर्थीची माटवी घ्यावी. गोव्यात जिला माटोळी म्हणतात त्या लाकडी चौकटीला भाद्रपदात जे जे उपलब्ध असेल ते टांगले जाते : नारळ, सुपारीचे घड, काकडी, चिबूड, तोरिंगण, रानातली फळे व फुले. तिच्यातही समृद्धीचे प्रदर्शन आहे, परंतु ते त्या आठवड्याचे आहे. पाच-सात दिवसांत तिची पाने वाळतात, फळे सुरकुततात, आणि त्यातच तिचा अर्थ आहे. माटवी ऋतूशी प्रामाणिक राहते. परडी रंगाशी प्रामाणिक राहून ऋतूशी अप्रामाणिक होते. हा दोष म्हणून मी नोंदवीत नाही; न कोमेजणाऱ्या बागेची इच्छा ही माणसाची जुनी इच्छा आहे, आणि मुंबईच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या चाकरमान्याला ती अधिक असणे स्वाभाविक आहे. कपाटातली परडी ही त्याची गावाकडची वर्षभराची बाग होती. परंतु ही गोष्ट 'हुबेहूब' या शब्दाने सांगता येत नाही. तो शब्द कारागिराच्या डोळ्याची आणि हाताची दाद देतो, त्याच्या कल्पनेची देत नाही.

घोडा आणि त्याचे पाय

कोकणात घोडा हे शेतीचे जनावर नव्हे. डोंगरउतार, जांभ्याचे सडे आणि धुवाधार पाऊस यांच्या या मुलखात नांगराला बैल किंवा रेडा. घोडा होता तो संस्थानिकाचा, फौजेचा, आणि मिरवणुकीचा. आपली भाषा मात्र घोड्याने भरलेली आहे : वरातीमागून घोडे येते, कुणाचे घोडे पेंड खाते, कुणी घोड्यावर बसून येतो, घोडा-मैदान जवळ असते. ज्याने आयुष्यात घोड्याला हात लावलेला नाही तोही हे बोलतो. चिताऱ्याचा आंबा हातातून येतो आणि त्याचा घोडा भाषेतून, पुराणातून, चित्रातून येतो. म्हणूनच आंबा व्यक्तिचित्र होतो, त्याच्या जातीसकट ओळखता येतो, आणि घोडा 'घोडा' एवढाच राहतो. यात कौशल्याचा अभाव पाहणे ही आपली चूक आहे.

ई. एच. गॉम्ब्रिच या कलेतिहासकाराचा काठीच्या घोड्यावरील निबंध 1951चा आहे आणि 1963मध्ये त्याच नावाच्या संग्रहात तो आला. मूल ज्या काठीवर मांड टाकून धावते ती काठी घोड्यासारखी दिसते म्हणून घोडा होत नाही. तिच्यावर बसता येते म्हणून ती घोडा होते, हा त्या निबंधाचा गाभा आहे. प्रतिमेचे मूळ साम्यात नसून बदलीत आहे : ती मूळ वस्तूचे काम करते. आपल्या प्रदेशातून याला अधिक बोलके उदाहरण देता येईल. शेजारच्या गोव्यात, सत्तरी आणि डिचोली भागात, शिगम्याला घोडेमोडणी होते. नर्तक कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा बांधतो, हातात तलवार घेतो आणि ढोलताशांच्या तालावर पुढे-मागे झेपा घेतो. त्या घोड्याला पाय नसतात. स्वाराचेच पाय घोड्याचे पाय होतात. पाहणाऱ्याला या घोड्यात काही कमी आहे असे क्षणभरही वाटत नाही, कारण घोड्याने जे करायचे ते तेथे होत असते.

बंगालमधील बांकुड्याचा मातीचा घोडा ही आणखी एक दिशा. त्याची उंच ताठ मान आणि उभे कान खऱ्या घोड्याचे नाहीत, पण तो देवाला वाहण्याचा घोडा आहे. त्याचे उभे राहणे हेच त्याचे काम. तोच घोडा पुढे भारतीय हस्तकलेचे बोधचिन्ह म्हणून शहरी दिवाणखान्यांत पोहोचला आणि तेथेही शोभला, कारण उभे राहणे त्याला मूळचेच होते. सावंतवाडीच्या घोड्याचे तसे नाही. त्याला चाके आहेत. तो ओढण्यासाठी घडवलेला आहे, आणि त्याचा प्रत्येक तथाकथित दोष या कामातून आलेला आहे. मान जाड, कारण मूल त्याला मानेला धरून उचलते. पाय खुंटासारखे, कारण बारीक पाय पहिल्याच गडग्यावर मोडतील. रंग एकसलग, कारण रंग जाणारच आहे. डोळा म्हणजे ठिपका, कारण त्याची नजर मुलाने भरायची आहे. चिताऱ्याला घोडा येत नव्हता असे म्हणणाऱ्याने त्याच चिताऱ्याने रंगवलेली गंजिफा पाहावी.

गंजिफातील स्वार

दशावतारी गंजिफात 120 गोल पाने असतात : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पाने. चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेल्या कापडाच्या थरांवर खडूचा लेप देऊन, रंगवून, लाख चढवून ही पाने तयार होत. या खेळात प्रधान हा बहुधा घोड्यावर असतो, आणि दहावा अवतार जो कल्की त्याची ओळखच घोडा. बोटांच्या पेरांएवढ्या जागेत हे घोडे दोन-चार रेषांत उधळलेले दिसतात. मानेचा बाक, उचललेला पुढचा पाय, लगामाची रेघ : हात कच्चा असता तर हे साधले नसते. चितारी खेळण्यातला घोडा जाड करतो आणि पानावरचा घोडा नाजूक करतो तो वस्तूचे काम ओळखून. पानावरचा घोडा पाहून ओळखायचा असतो, फळीवरचा धरून ओढायचा असतो.

गंजिफाची पुढची कथा या लेखाच्या मुद्द्याला थेट भिडते. छापील पत्त्यांपुढे मागे पडलेली ही कला सावंतवाडीचे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभी केली. वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ते स्वतः ही कला शिकले, राजवाड्यात कारागिरांना बसवले, आणि आज गंजिफाचे जे नाव आहे ते त्यांच्यामुळे आहे. या कार्याचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण जे वाचले ते काय, हे विचारले पाहिजे. पाने वाचली. तिघांनी बसून, दिवसा रामाने आणि रात्री कृष्णाने उतारी करून खेळायचा डाव वाचला असे म्हणणे कठीण आहे. आजचा संच बहुधा विकत घेतला जातो तो चौकटीत लावण्यासाठी वा पेटीसकट भेट देण्यासाठी. अर्ध्या रंगांत पानांचा क्रम उलटा लागतो हा या खेळातला खरा गमतीचा नियम. तो संच विकत घेणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असेल? प्रधान घोड्यावर बसलेला आहे, आणि चाल कोणी करीत नाही.

माझ्या महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांना एकदा मी गंजिफाचा डाव शिकवण्याचा प्रयत्न केला. पहिल्या तासाला ते पाने कडांनी, अलगद धरीत होते, जणू छायाचित्रांच्या प्रतीच. तिसऱ्या दिवशी एकाने हुकमी प्रधान चटईवर आपटला आणि मग लगेच घाबरून त्याचा रंग तपासला. तो आपटणे हा खेळ होता आणि तपासणे हे संग्रहालय होते. दोन्ही एकाच हाताने, एका क्षणाच्या अंतराने घडले.

कारागिराचा प्रश्न

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येईल. फळांची परडी विकली जाते म्हणून चितारआळी उभी आहे. घोडा स्वस्त, त्यातून मिळकत थोडी, आणि त्याची जागा प्लॅस्टिकच्या गाडीने केव्हाच घेतली आहे. पर्यटकाला झिजणारी वस्तू नको असते. तो आठवण विकत घेतो आणि आठवण टिकली पाहिजे. गंजिफाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले तेही चित्रकलेच्या बळावर. अशा स्थितीत समीक्षकाने घोड्याची बाजू घेणे म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर आपले सौंदर्यशास्त्र चालवणे होय.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझे म्हणणे कारागिराला उद्देशून नाही. ते आपल्याला, म्हणजे पाठ्यपुस्तकांत, गौरवग्रंथांत, शोधनिबंधांत या कलेविषयी लिहिणाऱ्यांना उद्देशून आहे. कोणते खेळणे चांगले हे बाजार किमतीने सांगतो. त्याला दुसरे मोजमाप माहीत नाही. समीक्षेला ते माहीत असायला हवे होते. आपण मात्र बाजाराचेच विशेषण घेतले आणि त्याला आस्वादाचे रूप दिले. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त रोहसेन रडतो तो सोन्याच्या गाडीसाठी, आणि त्याच्या हाती असते ती मातीची. वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते. त्या प्रसंगातील करुणरस आपण शतकानुशतके वाखाणला. परंतु नाटकाने नाव घेतले ते मातीच्या गाडीचे, सोन्याच्या नव्हे, याकडे खेळण्यांविषयी लिहिताना आपले लक्ष गेलेले नाही.

खेळण्याच्या समीक्षेला निराळी पद्धत लागेल. रंग, रेषा, प्रमाण यांच्या जोडीला वजन, पकड, आवाज, आणि ते कुठे मोडते याचीही नोंद करावी लागेल. मूल ते कसे हाताळते हे पाहावे लागेल. केवळ दुकानाच्या फळीवर पाहून चालणार नाही. झिजलेली, मोडकी खेळणी घराघरांतून जमवून त्यांच्या झिजेचा अभ्यास करता येईल : कोणता भाग आधी गुळगुळीत होतो, रंग कुठून उडतो, दोरीचे भोक किती रुंदावते. आपल्या जिल्ह्यातील मराठी, इतिहास आणि गृहविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे, आणि त्याला मोठा निधीही लागणार नाही. मात्र अशी खेळणी माळ्यावरून खाली काढून फेकून देण्याचा हंगाम दरवर्षी चतुर्थीच्या साफसफाईत येतो.

गेल्या वैशाखात चितारआळीत गेलो होतो. एका दुकानात फळ्यांवर परड्यांच्या रांगा होत्या, आणि वरच्या फळीवर चार घोडे. रंगकाम सुरेख, पूर्वीपेक्षा कितीतरी सफाईदार. आयाळीचा एकेक केस वेगळा काढलेला. एक खाली घेतला, जमिनीवर ठेवला आणि ढकलून पाहिला. चाके रंगवलेली होती, पण फळीला पक्की चिकटवलेली. दुकानदार म्हणाले, "सर, ढकलूचो न्हय तो. शोकेसमदी ठेवूचो."